रिकाम्या खाटा गाळणारी ओळ

ऑफिसात त्याला सगळे इस्त्री म्हणत. तोंडावर नाही, पण त्याच्या कानावर होतंच, आणि त्याला ते आवडायचं. कामच तसं होतं त्याचं. जुन्या प्रोग्रॅममधली माहिती घडीत घडी घालून ठेवलेली असते: इमारतीत मजले, मजल्यावर खोल्या, खोलीत खाटा, खाटेवर माणूस, माणसाच्या गोळ्या. या सगळ्या घड्या उलगडून माहिती एका सरळ रांगेत आणायची आणि नव्या यंत्राला हवी तशी पुन्हा दुमडून द्यायची, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. हे त्याच्या वैऱ्यांनीही कबूल केलं असतं, आणि वैरी काही कमी नव्हते.

माणूस म्हणून मात्र एक नंबरचा खडूस. कुणी शंका काढली की आधी चष्म्यावरून बघायचा, मग म्हणायचा, "तुम्हाला समजावण्यापेक्षा मशीनला समजावणं सोपं." घरीही तोच खाक्या. वडील गेल्यावर आईने जेवणाच्या टेबलापाशी त्यांची खुर्ची तशीच ठेवली होती. बोलायची काही नाही, नुसती त्या खुर्चीशेजारी बसून जेवायची. थोडे दिवस त्याने चालवून घेतलं, मग एका रविवारी ती उचलून जिन्याखाली टाकली. "रिकामी वस्तू जागा अडवते," म्हणाला. तेव्हापासून आई ओट्याशी उभ्याउभ्या जेवू लागली, तर तेही त्याला खटकलं.

बायकोलाही सासूची अडचण होतीच. तेवढ्यात एका मोठ्या वृद्धाश्रमाचं काम कंपनीकडे आलं आणि ओळखीने एक खाट मिळाली. दुसरा मजला, खिडकीजवळ. सोडायला नेताना आईने गाडीत एकदाच विचारलं, "मी फार बोलते का रे?"

"नाही गं," तो म्हणाला आणि रेडिओ मोठा केला.

वृद्धाश्रमाने गोळ्यांच्या पुड्या भरणारं यंत्र आणलं होतं. त्याला मजले आणि खोल्या कळत नव्हत्या. त्याला एकच लांब रांग लागायची. ही पुडी, मग पुढची, मग त्याच्या पुढची. प्रत्येक खोलीत चार खाटा, म्हणून इस्त्रीचा प्रोग्रॅम ती रांग चार-चारने मोडायचा आणि पुडीवर मजला, खोली, खाट छापायचा. नाव छापत नव्हता. नावं त्याने सुरुवातीलाच काढून टाकली होती, जागा कळली की माणूस कळला म्हणून. शिवाय त्याने एक ओळ लिहून ठेवली होती: उलगडताना रिकामी खाट आली तर ती रांगेतून गाळायची. रांगेत मधेच पडलेलं भोक त्याला बघवत नसे.

शेजारच्या टेबलावर चाचणीचं काम करणारी बाई बसायची. तिने नेमकं तिथेच बोट ठेवलं. "मधली खाट गाळली तर मागचे सगळे एक घर पुढे सरकतील ना? एकाची पुडी दुसऱ्याला जाईल."

"तिथे खाट रिकामी राहतच नाही," तो म्हणाला. "एकाला उचललं की दुसरा दारात उभा असतो. तुम्हालाही नंबर लावायचा असेल तर आत्ताच सांगा."

आजूबाजूचे हसले. बाईने पुढची चाचणी उघडली. चाचणीच्या दिवशी सगळ्या खाटा भरलेल्या होत्या, त्यामुळे सगळं बिनबोभाट पार पडलं.

नंतर कधीतरी पहिल्या मजल्यावरचे एक आजोबा गेले. त्यांच्या जागी यायच्या माणसाच्या मुलांनी थोडी सवड मागितली, आणि खाट रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला.

"अरे, माझी गोळी बदलली का? ब्लडप्रेशरची गुलाबी असते ना माझी. आज पिवळी आलीय."

"आई, मीटिंग आहे."

"नाही, घ्यायची की नाही एवढंच सांग."

"पुडीवर तुझी खाट छापलीय ना? मग तुझीच आहे. कंपनी बदलली की रंग बदलतो. दिलेलं गिळायचं, त्यात काय विचारायचं?"

"बरं, रागावू नकोस. जेवलास का?"

त्याने फोन कट केला. लगेच गोळ्या वाटणाऱ्या मावशींचा आला. "साहेब, आजी म्हणतात ही गोळी त्यांची नाही. मलाही जरा शंकाच येतेय."

"मावशी, आकडे वाचता येतात ना? मग वाचा आणि द्या. आईला कुरकुरीची सवयच आहे, लक्ष देऊ नका."

मावशींनी लक्ष दिलं नाही. आईनेही मुकाट्याने गोळी घेतली. मुलाने सांगितलं म्हणून घेतली, संध्याकाळी घेतली, दुसऱ्या दिवशीही घेतली. गोळी पुढच्या खाटेवरच्या बाईची होती, साखर उतरवणारी. आईला साखरेचा त्रास कधी नव्हताच, आणि जेवणही चिमणीएवढं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही, साखर पार उतरून बेशुद्ध पडलेली तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं. बाकीच्यांचं चक्कर आणि उलट्यांवर निभावलं.

हॉस्पिटलच्या बाकावर त्याने लॅपटॉप उघडला. शोधावं लागलंच नाही, ती ओळ समोरच होती. आपण आईला मारलं, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आणि तरीही पहिलं काम त्याने ती ओळ पुसण्याचं केलं. तिच्या जागी रिकाम्या खाटेची खूण रांगेत ठेवायची सोय केली, दोनदा चालवून पाहिली, आणि मग आत आईजवळ गेला. तिचे डोळे शेवटपर्यंत उघडले नाहीत.

वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाने खुलासा मागितला. इस्त्रीने शांतपणे सांगितलं की पुड्या बरोबर होत्या, ट्रेमध्ये लावताना मावशींचं एक घर चुकलं. पुड्या केव्हाच फाडून कचऱ्यात गेल्या होत्या. ज्याची आई गेली तोच सांगतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? मावशींना त्याच दुपारी काढून टाकलं. जाताना त्या त्याला फाटकाशी भेटल्या.

"साहेब, तुम्हीच म्हणाला होतात, वाचा आणि द्या."

"वाचा म्हणालो होतो," तो म्हणाला.

मावशींनी फाटकाची कडी काढली. मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन चालू लागल्या.

तो कामावर परतल्यावर चाचणीवाली बाई टेबलाशी आली. आईबद्दल दोन शब्द बोलली आणि हळूच म्हणाली, "ती रिकाम्या खाटा गाळणारी ओळ आता दिसत नाही."

"कुठली ओळ?"

ती जागेवर जाऊन बसली. नोकरी तिलाही हवी होती. पण त्यानंतर चहाला तिने कधी त्याला हाक मारली नाही.

आईची खाट लगेच भरली नाही. त्या खाटेवरची म्हातारी कशाने गेली, हे बाहेर फुटलं होतं. काही दिवसांनी वृद्धाश्रमातून नव्या मावशींचा फोन आला.

"साहेब, दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर कुणी नाही, तरी रोज पुडी येते. आत काहीच नसतं. फेकून देऊ ना?"

त्याने पडद्यावरच्या रांगेत आईच्या खाटेची रिकामी खूण शोधून काढली.

"साहेब?"

"नका फेकू. ट्रेमध्ये तिच्या जागेवरच ठेवा. ती काढली की मागचे सगळे चुकतात."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर बूटही न काढता तो जिन्याखाली वाकला. जुने डबे सरकवले, रद्दीचे गठ्ठे बाजूला केले. बायकोने वरून विचारलं, "काय शोधताय?"

"बाबांची खुर्ची."

"ती होय? ती केव्हाच भंगारात दिली. जागा अडवते, तुम्हीच तर म्हणाला होतात."