जीवरामभाऊंचा वरचा हर्निया

जीवरामभाऊ चोपड्याला पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कोणत्या शेताला कधी पाणी सोडायचं हे पाहत तीस वर्षं त्यांनी कालव्याच्या कडेने सायकल हाणली. निवृत्तीनंतर रोज सकाळी अडावदच्या रस्त्याला निघणाऱ्या सहा-सात म्हाताऱ्यांत पुढची सायकल त्यांचीच, हे न बोलता ठरूनच गेलं होतं.

प्रेमराज शेठ मात्र उभा जन्म कापडाच्या दुकानात गादीवर बसलेले. साठी उलटल्यावर सायकल शिकले आणि वर्षभरात भाऊंच्या पुढे जाऊ लागले. भाऊंना ते बघवेना. शेठची सायकल हलकी, शेठला वारा मागून लागतो, शेठ धर्म पाळून दिवस मावळायच्या आत जेवतात म्हणून अंग हलकं. रोज नवं कारण सापडे. भाऊंच्या छातीत जळजळ सुरू झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी विचारलं, की हे पोटातलं जळणं आहे की शेठवरचं.

पोटातलंही होतं. जळगावच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. छाती आणि पोट यांच्यामध्ये पडदा असतो, त्याच्या भोकातून जठराचा वरचा भाग थोडा वर सरकला होता. हायटस हर्निया. ऑपरेशनची गरज नाही, म्हणाले. गोळी घ्या, रात्री थोडं आणि लवकर जेवा, खाल्ल्यावर दोन-तीन तास सायकल नको. हँडल उंच करून ताठ बसा, चढावर जोर लावू नका, कमरेला काही आवळू नका.

भाऊंच्या कानात एकच शब्द राहिला, हर्निया. गेल्या वर्षी शेठनाही हर्नियाच झाला होता, जांघेतला. त्यांचं ऑपरेशन झालं, अर्धं गाव भेटून गेलं, आणि पुढे पट्टा बांधून ते पुन्हा सायकलवर बसले. भाऊंना शेठच्या दुखण्याचासुद्धा हेवा वाटला. त्यांचा हर्निया कापला, विषय संपला. आपल्याला मात्र शाळेतल्या मुलींसारखं उंच हँडल.

त्यांनी औषधाच्या दुकानातून गुपचूप तसाच पट्टा आणला. सोमवारी दूध-भाकरी खाऊन, पट्टा सदऱ्याखाली करकचून बांधून ते निघाले. पुलाच्या चढाला शेठ पुढे होते. भाऊ हँडलवर वाकले, सगळा जोर लावला आणि शेठना गाठलंही. तेवढ्यात आंबट पाणी घशाशी आलं, छातीत कळ उठली. सायकल टाकून ते कठड्याला टेकले.

शेठ मागे वळले. वारा लागावा म्हणून त्यांनी भाऊंच्या सदऱ्याची बटणं सोडली, तर आत पट्टा.

"हा कोणी सांगितला, भाऊ?"

"तुम्हाला चालला ना."

शेठ हसले नाहीत. पट्टा सोडवून त्यांनी केळीच्या टेम्पोला हात केला आणि भाऊंना दवाखान्यात नेलं. छातीतली कळ पित्ताची समजून अंगावर काढायची नसते, एवढं त्यांना ठाऊक होतं. हृदय ठीक निघालं. घरी आल्यावर यशोदाबाईंनी पट्टा उलटसुलट करून पाहिला.

"त्यासना हर्निया खाले व्हता, तुमना वर शे," त्या म्हणाल्या. "वरनाले खालना पट्टा बांधतस का?"

डॉक्टरांनी परत सायकलला होकार दिला, तेव्हा भाऊंनी मुकाट्याने हँडल उंच करून घेतलं. रात्रीचं जेवण सातला आलं, सकाळचं दूध परतल्यावर. पहिल्याच दिवशी पुलाच्या चढाला शेठनी आपली सायकल हळू केली आणि ते भाऊंच्या बरोबरीने चालवू लागले. मागे पडणं एक वेळ सोसलं असतं. शेठनी आपल्यासाठी थांबणं भाऊंना सोसेना.

"तुम्ही व्हा पुढे, शेठ," ते म्हणाले.

शेठ गेले. भाऊ ताठ बसून, बोलता येईल इतक्याच दमाने पाय मारत सगळ्यांत शेवटी अडावदला पोहोचले. ओट्यावर बसून घोटभर पाणी प्याले. मग शेठच्या मागच्या चाकात हवा कमी आहे, हे त्यांनी चारचौघांत दोनदा सांगितलं.