खोक्यात काय आहे?
विमानाने परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद माझी मावशी बावीस वर्षं तपासत होती. मालाच्या वर्णनात कुणी ‘घरगुती सामान’ असं मोघम लिहिलं, की तिचं डोकं फिरायचं. ‘नेमकं काय? किती? जुनं की नवं?’ भलेभले एजंट तिला टरकून असत.

निवृत्तीनंतर तिने परदेशातल्या लेकीसाठी खोकं भरलं. आत काय आहे, ते मला काही केल्या सांगेना. आम्ही तिच्या जुन्या ऑफिसात गेलो, तर तिथेही तिने कागदावर लिहिलं, ‘घरगुती सामान’.

खिडकीवर तिनेच शिकवून तयार केलेली पोरगी होती. तिने कागद परत सरकवला. “मावशी, नेमकं काय?”

मी मान लांब केली. मावशीने चरफडत लिहिलं, ‘बाळाचं लोकरी टोपडं, हाताने विणलेलं, नवं, एक.’

मी मामा होणार होतो आणि ते मला असं, खिडकीवर कळत होतं!