अर्धा तास आधी आलेला मेल

आधीच सांगून टाकतो – आमच्या घरात लिंबू फक्त पोह्यांवर पिळलं जातं, दारावर टांगलं जात नाही. भुताच्या गोष्टी मी आयुष्यभर सांगितल्या, पण दुसऱ्यांची चड्डी पिवळी करण्यासाठी! स्वतः एकावरही विश्वास ठेवला नाही. नांदुऱ्यात कुणालाही विचारा, मस्करीसाठी मी बदनाम आहे. आणि खरं सांगतो... ती बदनामीच त्या दिवशी माझ्या मुळावर आली होती.

स्टेशन रोडला सायकलच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र विनोद, आम्ही शेतातल्या मोटरीसाठी एक खोकं बनवतो. ते विहिरीवर स्टार्टरशेजारी बसवायचं, की शेतकऱ्याला घरून मोबाईलवर मोटर चालू-बंद करता येते. शिवाय त्यात ‘ऑटो’ असतो – म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू. शेतीची लाईट कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळे आमच्याकडे सगळे ऑटो कायम चालूच ठेवतात. आणि मोटर बिघडली की तोच माणूस ‘आता लाईट कुठं हाय’ म्हणत विहिरीत उतरतो. ऑटो काढायचं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

या सगळ्या खोक्यांचा कोड आणि सेटिंग एका रेपोत, म्हणजे आमच्या सामायिक ऑनलाइन कपाटात असतं. तिथे बदल केला की तो थेट खोक्यात पोचतो. खोक्यात बॅटरी असते, म्हणून लाईट नसली तरी चालतं. आणि बदल झाल्या झाल्या आम्हा दोघांना आपोआप मेल येतो – कुणी बदललं, किती वाजता, कोणती ओळ, आणि का. हे ‘का’ वऱ्हाडीतच लिहायचं, असा विनोदचा नियम. "बापू इंग्रजीत लिहून ठेवते अन् आठ दिवसांनी मलेच विचारते," म्हणतो.

एप्रिलची दुपार. विनोद माझ्यासमोर डबा उघडत होता. दोन वाजून पन्नास मिनिटांनी दोघांचे फोन एकदमच वाजले.

मेल होता. बदल करणारा – मी. वेळ – तीन वाजून वीस मिनिटं. खाली ओळ होती, ‘ऑटो चालू’ खोडून ‘ऑटो बंद’. आणि कारण –

‘सुधाकरदादाची मोटर ऑटोवरून काढली. दादा विहिरीत हाय.’

सुधाकरदादा म्हणजे माझा चुलतभाऊ. वडनेर भोलजीला शेती. बाप गेल्यावर मला शिकवलं ते त्यानं.

"काय बे बापू," विनोद घास तसाच हातात धरून म्हणाला, "दादाच्या नावानं बी मस्करी?"

"मी नाही केली बे!"

"मंग तुह्या नावानं कोनं केली? अन् तीन वीस कुठून आणले? आता तं तीन बी नाही वाजले!"

रेपो उघडला. तिथे काहीच नव्हतं. दादाच्या खोक्यापुढे ‘ऑटो चालू’ जसंच्या तसं. बदल झालेलाच नाही, आणि बदलाचा मेल मात्र हातात! विनोदनं डब्याचं झाकण लावलं. त्याला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दादाला फोन लावला. उचलला वहिनीनं.

"वहिनी, दादा कुठं हाय?"

"काऊन? आज कोनाचं सोंग हाय भाऊजी? मागच्या वेळी तुम्ही तहसीलदार झालते."

"वहिनी, पाया पडतो, सांगा ना!"

"फोन चार्जिंगले लावून शेतात गेले. मोटर पानी फेकून नाही राह्यली म्हने. दोर घेऊन गेले हायेत."

दोर! म्हणजे विहिरीतच उतरणार. "वहिनी, पळा. त्याले विहिरीत उतरू देऊ नोका. लाईट आली तं मोटर चालू होईन, पान्यात करंट उतरन!"

"लाईट संध्याकाळची हाय या हप्त्यात. तुम्हाले काई काम नाही काय?" वहिनी हसल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "भाऊजी... तुम्ही रडून राह्यले काय?"

पुढचं काही ऐकू आलं नाही, फक्त चपलांचा फटफट आवाज आणि धाप. फोन तसाच चालू ठेवून वहिनी निघाल्या होत्या.

इकडे मी ती ओळ बदलली. ‘ऑटो बंद’. आता फक्त ‘का’ लिहून एंटर. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

आणि माझं बोट हलेना.

हसू नका. मला वाटलं, मी एंटर दाबलं की तो मेल खरा होईल. दादा आत्ता बांधावर बिडी ओढत बसला असेल, आणि मी दाबलं की... विहिरीत असेल. इतका मूर्ख विचार मी जन्मात केला नव्हता.

"दाब ना बे," विनोद म्हणत होता. "काय जाते आपलं? दाब!"

"थांब. वहिनी पोचू दे."

घड्याळाकडे बघत बसलो. पंख्याखाली पाठ घामानं भिजली. आणि मग फोनमधून वहिनींची किंकाळी –

"भाऊजी! खाली हायेत हो! छातीइतक्या पान्यात! मोटरीची वायर सोडून राह्यले! अहोऽऽ, वर या नाऽऽ! आयकूच नाही येत त्याहिले!"

मी ‘का’ लिहिलं. जे खरं होतं तेच बोटांतून आलं. एंटर दाबलं, आणि मगच वेळ पाहिली. तीन वीस.

काही क्षण गेले असतील. वहिनींचा आवाज एकदम बारीक झाला.

"भाऊजी... विहिरीवरच्या खोपडीतला बल्ब लागला. लाईट आली."

मी डोळे मिटले. विनोदनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दोन दिवस वळ होते. फोनमध्ये चिमण्यांचा आवाज... आणि मग विहिरीच्या तळातून, घुमत, दादाचा –

"काय बोंबलून राह्यली वं? प्यायच्या पान्याचा गडू आनला काय?"

मी टेबलावर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा रडलो.

आता तुम्ही म्हणाल, सर्व्हरचं घड्याळ चुकलं असेल. तपासलं, बरोबर होतं. कुणी बाहेरून मेल पाठवला असेल? विनोदनं सगळ्या नोंदी चाळल्या. आमच्या सर्व्हरवरून त्या दिवशी एकच मेल गेला होता. गेला तीन वीसला. दोघांच्या फोनवर पोचला दोन पन्नासला. मी एंटर दाबल्यावर मात्र एकही फोन वाजला नाही... तो मेल आधीच येऊन गेला होता.

पुण्याच्या एका जाणकाराला विचारलं. तो म्हणाला, असं होऊच शकत नाही. मी म्हणालो, तेच तर म्हणतोय, साहेब.

दादा आता गावभर सांगतो, बापूनं वाचवलं मले. पाहुण्यांपुढे माझ्या पाठीवर थाप मारतो. मी एरवी गोष्टीला मीठमसाला लावणारा माणूस, पण ही सुरू झाली की चहा आणायच्या निमित्तानं उठतो. कारण तीन पाच ते तीन वीस, पंधरा मिनिटं, ओळ बदललेली असताना मी बोट अधांतरी धरून बसलो होतो. त्यात कधीही लाईट आली असती.

हे दादाला मी अजून सांगितलेलं नाही.