श्वासातला गोड वास

त्या चैत्रात माझा देवावरचा विश्वास पार खचला होता. लिहायला संकोच वाटतो, पण खरं तेच आहे. रझाकारांचा धाक सरून चार-दोन वर्षं झाली होती, वाटूरला आमची शेती पुन्हा मार्गी लागली होती, आणि नेमक्या त्या बऱ्या दिवसांत माझी नऊ वर्षांची सुमन डोळ्यांदेखत वाळत चालली.

आधी तहान सुरू झाली. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची, तरी ओठ कोरडेच. सगळे म्हणाले, ऊन किती तापलंय, लेकरू पाणी पिणारच. मग अंथरूण ओलं होऊ लागलं. एवढी मोठी मुलगी, सकाळी लाजून कोपऱ्यात बसायची. मोठ्या माणसाइतकी भाकरी खायची, तरी परकर कमरेवर ठरत नव्हता. न्हाणीत ती लघवीला बसे, तिथं मुंग्या लागत. हे सगळं मी रोज पाहत होते, पण यातल्या एका गोष्टीचा दुसरीशी काही संबंध असेल, हे घरात कुणाच्याच मनात आलं नाही. उष्णतेवरचा काढा झाला, दृष्ट काढून झाली. पुढं तिचं खाणंच तुटलं, उलट्या होऊ लागल्या आणि श्वासाला एक गोड वास यायला लागला, पिकून उतरलेल्या फळासारखा. सासूबाईंनी हात जोडले. "लेकराच्या अंगात देवी आली. तिला जांबला न्या, रामाच्या पायावर घाला."

रामनवमीला आम्ही बैलगाडीत गोधडी अंथरून जांब समर्थला गेलो. सुमन वाटभर माझ्या मांडीवर गप्प पडून होती. रामा, असशील तर आता दिस, असं मी मनात म्हणत होते. ती प्रार्थना नव्हती, भांडणच होतं.

देवळात गर्दी लोटली होती. हे रांगेत उभे राहिले आणि मी लेकीला घेऊन सभामंडपात खांबाला टेकले. सुमननं पाणी मागितलं. आमचा तांब्या रिकामा झालेला. शेजारी एक मारवाडी बाई बसल्या होत्या, जालन्याच्या व्यापारी घरातल्या. त्यांनी आपलं पाणी पुढं केलं, स्वतःच सुमनचं डोकं उचललं, आणि एकदम थांबल्या. पुन्हा खाली वाकल्या, तिच्या तोंडाजवळ.

"बाई, हिला पाणी लई लागतं का?"

"हो. दिवसभर."

"लघवीला सारखी जाती? त्याच्यावर मुंग्या येतेत?"

मी कुणाला न सांगितलेलं या बाईंना कसं ठाऊक?

"अंगात देवी आली म्हणतेत," मी पुटपुटले.

"न्हाई बाई, ही बिमारी हाय. माझ्या पोरीला बिलकुल असाच वास येत होता. हिचा श्वास बघा किती जोरात चालून राह्यला. जल्दी उठा, हिला जालन्याला न्यायचं. माझी मोटार बाहेर उभी हाय."

तेवढ्यात हे आले. "दर्शन न्हाई झालं अजून," ते कसेबसे म्हणाले.

"माझं बी न्हाई झालं, दादा. चला."

त्यांनी सुमनला उचलायला स्वतः हात लावला.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लघवीत निळं औषध घालून काचेची नळी तापवली. ती पाहता पाहता विटेसारखी लाल झाली. "हिच्या शरीरात साखर वापरायला लागणारा रस तयार होणं थांबलंय," ते म्हणाले. "गोड खाल्ल्यानं नव्हे, अन् तुमच्या हातून काही चुकलं म्हणूनही नव्हे. तो रस सुईनं द्यायचा, रोज, जन्मभर. आणखी उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो."

सुई दिली, सलाईन लावलं. मी उशाशी बसून राहिले. हळूहळू तो धापेचा श्वास संथ झाला, ओठांवर ओल आली. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, भूक लागली." त्या क्षणी मला वाटलं, मी गाभाऱ्यातच उभी आहे.

नंतर त्या बाई स्वतःच्या मुलीला घेऊन आल्या. दोन वेण्या, भरलेले गाल, शाळेतून थेट आलेली. ती सुमनला म्हणाली, "मी बी रोज सुई घेती. मुंगी चावल्यावानी वाटतं, बस." सुई उकळायची कशी, आणि लेकीला घाम सुटून थरथर होऊ लागली तर लगेच साखर कशी चारायची, हे बाईंनीच मला शिकवलं. मी विचारलं, "एवढ्या गर्दीत तुम्ही बराबर आमच्याच शेजारी कशा बसलात?"

"पाय दुखून राह्यला होता, म्हून टेकले," त्या हसून म्हणाल्या.

ज्याला जे समजायचं ते त्यानं समजावं.

पुढं कितीतरी सकाळी मी सुई टोचायच्या आधी रामाचं नाव घेतलं. सगळं त्याच्यावर सोपवलं असं म्हणायचे, पण सुई कधी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. एका सकाळी सुमननं ती माझ्याकडून काढून घेतली. "आई, आता माझं मी करते." तिनं मांडीची चिमूट धरली, न डगमगता टोचलं आणि दप्तर उचलून गेली. माझे हात तसेच रिकामे राहिले. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, ते आपोआप जोडले गेले होते.