मॅगझीन काढलेलं पिस्तूल

सदाशिव गेला तो मंगळवार होता. सकाळी त्यानं तळ्यातून जाळं काढलं, घरी येऊन चहा प्यायला आणि खाटेवर बसल्या बसल्या गेला.

आता जे लिहितो आहे ते त्याला कधी कळलं नाही. कोणालाच नाही. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल.

त्याच्या तेरवीला लोक हसत होते. आमच्याकडे, आरमोरीच्या बाजूला, सदाशिवचं नाव निघालं की कोणीतरी दोन बोटं रोखून ‘ठो!’ म्हणतंच. त्या दिवशी वाढपीसुद्धा म्हणत होते. मीही हसलो — आणि पानावरचा भात तसाच राहिला.

ही गोष्ट एका पिस्तुलाची आहे. धानाची कापणी झाली की झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात, हे तुम्ही ऐकलं असेल. आमच्या गावचं त्या वर्षीचं नाटक फौजेतल्या अधिकाऱ्याचं होतं. अधिकारी सदाशिव. मी शाळामास्तर, पुस्तकं वाचणारा, म्हणून पिस्तूल कसं असतं ते सांगायचं काम माझं. मी सुताराला चित्र काढून दिलं. सागवानाचं पिस्तूल झालं, हुबेहूब. मुठीतून मॅगझीनसुद्धा बाहेर यायचं.

मूळचं खरं पिस्तूल आपल्या फौजेनं वर्षानुवर्षं वापरलेलं. त्याचा इतिहास मला तोंडपाठ होता — अजून आहे. अमेरिकेतल्या एका बंदूककाराच्या मुलानं, स्वतःही मोठ्या कारागिरानं, बेल्जियमच्या कारखान्यासाठी ते आखायला घेतलं. ते पुरं व्हायच्या आत तो तिथंच वारला. त्याच्या हाताखालच्या माणसानं पुढे तडीस नेलं. गोळी सुटली की तिच्याच धक्क्यानं वरचा भाग मागे जातो, रिकामं काडतूस फेकतो, आणि पुढे येताना नवी गोळी नळीत ढकलतो. मॅगझीनमध्ये तेरा गोळ्या, दोन रांगांत, एकीला एक खेटून. आणि ज्यांच्या फौजेसाठी ते आखलं जात होतं त्या फ्रेंचांची एक अट होती: मॅगझीन काढलेलं असेल तर नळीतली गोळीही सुटता कामा नये. तशी कळ बसवली. गंमत म्हणजे, अट घालणाऱ्यांनी शेवटी ते पिस्तूल घेतलंच नाही!

हे सगळं मी तालमीत सांगायचो. लोक जांभया द्यायचे.

सदाशिवनं शेवटच्या प्रवेशासाठी स्वतः एक युक्ती काढली. खलनायकासमोर मॅगझीन काढून फेकायचं, म्हणायचं, ‘तुझ्यासाठी नळीतली एकच पुरे!’ — आणि घोडा दाबायचा. मी म्हणालो, चालणार नाही. या पिस्तुलातून मॅगझीनशिवाय गोळी सुटत नाही.

“मास्तर, झाडीतल्या मानसाले मॅगझीन का समजते गा?” तो सगळ्यांसमोर म्हणाला. “त्याले आवाज पायजे, आवाज!”

सगळे हसले. मीही हसलो. पण ते मनात राहिलं — किती क्षुल्लक ना?

त्यानं मात्र ती भूमिका जिवाला लावून घेतली होती. तळ्याच्या पाळीवर फौजी चाल घोटायचा. एकदा म्हणाला, “माय म्हनते, तू जोकरच आहेस. एकदा तिले रडवून दाखवाचं आहे, मास्तर.” हे मला माहीत होतं. हे विसरू नका.

नाटकात आवाजाचं काम माझ्याकडे होतं. त्यानं घोडा दाबला की पडद्यामागं मी फटाका लावायचा. प्रवेश आला. त्याची माय पुढे पोत्यावर बसलेली. मॅगझीन मंचावरून घसरत थेट माझ्या पायाशी आलं. त्यानं घोडा दाबला. माझ्या हातात पेटती काडी होती.

मी ती फुंकली.

त्यानं पुन्हा दाबला. खलनायक झालेला आमचा पोस्टमन छाती काढून मरायची वाट बघत उभा. सदाशिवनं माझ्याकडे पाहिलं — नुसतं पाहिलं — आणि ओरडला, “ठो!”

“लागली का गा?” पोस्टमन म्हणाला.

“लागली ना! पड आता!”

मंडप फुटायचा बाकी राहिला. त्याची माय डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

मी म्हणालो, दवानं दारू सादळली. सदाशिवच माझी समजूत घालायला आला: “दवाले का करता, मास्तर? जाऊ द्या.” ते मॅगझीन माझ्या खिशात होतं. का उचललं, ठाऊक नाही.

तेव्हापासून नाटकवाले त्याला विनोदी भूमिकाच देत. फार छान करायचा. गावोगावची माणसं त्याच्यासाठी गाडी करून यायची. दर हंगामात मला म्हणे, “यंदा तरी मले एखादा मरनारा पार्ट द्याले सांगा ना.” मी हसून विषय बदलायचो. पिस्तूल त्यानं घरात खुंटीला टांगलं होतं. पाहुण्यांना दाखवून सांगे, “याची मॅगझीन हरपली, म्हनून वाजत नाई. आमचे मास्तर सांगतेत.”

तेरवीनंतर त्याच्या बायकोनं ते मला दिलं. म्हणाली, “तुम्हीच सांभाळा, भाऊ.”

पिस्तूल आता माझ्या कपाटात, पुस्तकांपुढे आहे. मॅगझीन त्यात बसवलेलं आहे.