तुमी म्होरं व्हा

सरपंचपद राखीव निघालं, गावाला एक बाई हवी होती, म्हणून मी पंचविशीत त्या खुर्चीत बसले. वेल्ह्याच्या डोंगरातलं गाव, निम्मी घरं शेळ्यामेंढ्यांवर जगणारी, त्यातलंच एक आमचं. मला कारभारातलं ओ की ठो कळत नव्हतं. ग्रामसेवक समजावून सांगायचे, मी मान डोलवायचे.

मला खरं शिकवलं ते मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आणि तेही शेळ्या दाखवून. कळपात एक काळी म्होरकी होती. ओढ्याला पाणी आलं की बाकीच्या काठावर बें बें करत उभ्या. ही बया सरळ पाण्यात उतरायची, आणि मग एकीमागून एक सगळ्या.

"बघ सूनबाई," मामंजी म्हणायचे, "ती वळून बघती का? न्हाई. तिनं बघितलं की समद्या थांबल्या. म्होरक्यानं मागं बघायचं नसतं."

मला हसू यायचं. पण पटलं होतं, अगदी मनापासून.

मग आमचं गायरान रिसॉर्टला गेलं. मंजुरी वरूनच आली. गावभर बोंबाबोंब झाली, कारण जनावरांनी दुसरीकडं चरायचं तरी कुठं? देवळात बैठक बसली. जेसीबी येईल त्या सकाळी सगळ्यांनी वर गायरानात जाऊन आडवं बसायचं ठरलं. जो तो छाती ठोकून सांगत होता, "सरपंचबाई, तुमी म्होरं व्हा, आमी हायच की मागं!"

झाले म्होरं. पदर खोचला आणि चढण चढायला लागले. मागं पावलं वाजत होती. मी मुद्दामच वळले नाही, शिकवणच होती ना तशी! जेसीबीसमोर उभी राहिले, "आमी हटणार न्हाई" म्हणून खणखणीत ओरडले आणि मग वळले.

मागं काळी म्होरकी होती, तिचा कळप होता आणि मामंजी होते. बाकी माणूस म्हणाल तर एक नाही. सगळं गाव खाली एसटीच्या थांब्यावर उभं. पोरांना रिसॉर्टवर कामाला घेतो, असा निरोप आदल्या संध्याकाळीच घरोघर फिरला होता. मला तेवढं सोडून.

जेसीबीवाला पोरगा बरा होता बिचारा. "ताई, बाजूला व्हा, उगं उन्हात कशाला," म्हणाला. संताप इतका झाला की रडूच फुटलं. आणि झाले बाजूला.

तारेचं कुंपण पडलं. सरपंच अजूनही मीच आहे, सहीपुरती. झाडपाला तोडून तोडून मामंजींचे हात सोलवटले, आणि शेवटी त्यांनी भोरच्या बाजारातल्या व्यापाऱ्याला निरोप धाडला. सगळ्या कापायलाच जाणार, हे त्यानं लपवलंही नाही.

टेम्पो दारात लागला तर एकही शेळी फळीवर पाय ठेवीना. व्यापारी शिव्या देत होता. मामंजी माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्होरकीला आदी चढीव. तुज्याच हाकेला येती ती."

मी टेम्पोत चढून हाक मारली. ती आली, सरळ, एकदाही वळून न बघता. बाकीच्या सगळ्या तिच्या मागून चढल्या. एकही खाली राहिली नाही.