करडईच्या तेलाचा हात

काल करडईचं घाण्याचं तेल बरणीत ओतताना बोटांवर सांडलं, आणि त्या वासासरशी मी बोरी गावातल्या आमच्या देवळात जाऊन पोचले.

बाबा तिथले पुजारी. धाकटा काका शाळेत मास्तर, देव अजिबात न मानणारा. जिवाची किंमत कुणाला जास्त, यावरून दोघा भावांची रोज जुंपायची. बाबा म्हणायचे, "जीव देवानं दिलेला हाय, म्हणून मला मोलाचा." काका म्हणायचा, "मला तर परत जन्मच न्हाई. मग जपणार कोण जास्त?"

एका दुपारी देवळासमोर उसाच्या गाडीवरून एक मजूर डोक्यावर पडला. बाबा पूजा अर्धी टाकून सोवळ्यातच धावले. काकानं रस्त्यानं जाणारी जीप थांबवली. आत जखमीसोबत आणखी एकाचीच जागा होती, म्हणून बाबाच त्याचं डोकं मांडीवर घेऊन जिंतूरच्या दवाखान्यात गेले.

मी देवळात गेले तर काका गाभाऱ्यात नंदादीपात करडईचं तेल घालत होता. एरवी तो देवळाची पायरीही चढायचा नाही. मी बघतच राहिले.

"दादा आल्यावर दिवा विझलेला दिसला तर त्याच्या मनाला लय लागंल," तो म्हणाला.

दिवेलागणीला बाबा परतले. काकानं विचारलं, "वाचला का?"

"वाचला."

मग न्हाणीत दोघं एकमेकांच्या हातांवर पाणी घालत उभे राहिले. बाबांच्या हातांना रक्त होतं, काकाच्या हातांना तेल. आता तरी कोण जिंकलं ते कळेल, म्हणून मी दारात थांबले होते.

काल मी कितीतरी वेळ तेलाचे हात धुतलेच नाहीत.